पिवळ्या टॅगचा खुबा

माझा उजवा खुबा झिजला तेव्हा मला कळलं, आपल्याकडे खुब्याचे तज्ज्ञ किती आहेत. ज्या माणसाला स्वतःच्या मोटारसायकलची चेन धड घट्ट करता येत नाही, तोही तासभर माझ्या सांध्यावर बोलायचा. दुखत मला होतं आणि मत सगळ्या कासारवाडीला होतं.

सुरुवातीला दुखायचं गुडघ्यात. म्हणजे दुखणं खुब्याचंच, पण ते खाली उतरून गुडघ्यात जाणवायचं. हे तेव्हा मला माहीत नव्हतं आणि सल्ले देणाऱ्यांना तर मुळीच नव्हतं. दापोडीला राहणारा माझा मेहुणा एक काळं तेल घेऊन आला. ते कुठून आणलं हे तो सांगेना, आणि वासावरून विचारायची हिंमतही होईना. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी गुडघ्याला बांधायचा पट्टा दिला. तो त्यांच्या बायकोचा होता. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्याने रोज मेथी भिजवून खायला सांगितली आणि मग रोज सकाळी, खाल्ली का, म्हणून माझी हजेरी घ्यायला सुरुवात केली. वर्षभर मी एका निरपराध गुडघ्याची अशी सेवा केली. शेवटी त्याचा एक्स-रे काढला तर तो कॉलेजातल्या पोराच्या गुडघ्यासारखा स्वच्छ निघाला. मेहुणा म्हणाला, बघा, तेलाचा गुण.

तोवर मला उजव्या पायात मोजा घालता येत नव्हता. बायको घालून द्यायची. पहाटे पलंगाच्या कडेवर बसून पाय पुढे करायचा आणि ती मोजा चढवत असताना पंख्याकडे बघायचं, हा माझ्या दिवसाचा पहिला अपमान असे. दुसरा नाशिक फाट्याला. कंपनीची बस यायची, मी दांडा धरून स्वतःला पहिल्या पायरीवर ओढायचो, आणि मागे उभी असलेली तरणी पोरं मोबाइलमध्ये तोंड खुपसून मी दिसत नसल्याचं सोंग करायची. त्यांच्या त्या सभ्यपणाची मला जास्त चीड यायची.

पण मोजा आणि बस यांचं एवढं काही नाही. खरी भीती वेगळी होती.

चाकणला आमच्या कंपनीत प्रेसशॉप आहे. गाड्यांचे पत्रे दाबून काढायचे. पत्रा ज्या साच्यात दाबतात त्याला डाय म्हणतात. डाय बिघडली की तिचे दोन भाग क्रेनने सुटे करून जमिनीवर ठेवतात आणि फिटर तिच्यासमोर उकिडवा बसून, मान खाली घालून, बोटाने चाचपत तिची कड दगडाने घासतो. स्टुलावर बसून हे होत नाही. नजर खालच्या कडेपर्यंत पोचत नाही आणि हाताला जोर येत नाही. खुर्चीवर बसून फक्त मीटिंग होते. मी उभं आयुष्य डायसमोर उकिडवं बसण्यात काढलं. घरात माझं कुणी ऐकत नाही, सोसायटीत तर नाहीच नाही, पण डायसमोर बसलो की मोठमोठे लोक मागे गप्प उभे राहतात. ते बसणं गेलं तर मागे काय उरतं, याचा विचार आला की मला झोप लागायची नाही.

एका गुरुवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, बायकोने मला निगडीला हाडांच्या एका सर्जनकडे नेलं. त्याने गुडघ्याकडे बघितलंही नाही. मला आडवं केलं, पाय वाकवून आतल्या बाजूला फिरवला आणि माझी किंकाळी ऐकून म्हणाला, खुबा. एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाचा गोळा आणि तो ज्या वाटीत फिरतो ती वाटी, यांच्यामध्ये जी फट दिसायला हवी ती दिसतच नव्हती. हाडावर हाड घासत होतं. वर्षभर मेथी कुठे जात होती देव जाणे.

ऑपरेशनशिवाय इलाज नाही, असं सांगून त्याने दोन पद्धती समजावल्या. नेहमीच्या पद्धतीत तो गोळा कापून काढतात आणि हाडाच्या आत दांडी ठोकून नवा कृत्रिम गोळा बसवतात. दुसऱ्या पद्धतीत गोळा कापत नाहीत. त्याचा खराब झालेला वरचा थर तासायचा, त्यावर धातूची गुळगुळीत टोपी चढवायची आणि वाटीला आतून धातूचं पातळ अस्तर लावायचं. फायदे काय, तर आपलं हाड आपल्याकडे राहतं. गोळा जवळजवळ मूळ आकाराचा राहतो, म्हणून तो वाटीतून निसटायची भीती कमी. अंगमेहनत करणाऱ्या माणसाला पुन्हा कामाला लागता येतं. आणि पुढे कधी ही टोपी बिघडलीच, तर सांधा पूर्ण बदलायला हाड शिल्लक असतं. हे त्याने बाजारात भाजी विकल्यासारखं सांगितलं नाही. लगेच तोटेही सांगितले. हे सगळ्यांना चालत नाही. हाड अजून दणकट असायला हवं, मूत्रपिंडं चांगली हवीत, बायकांच्या लहान सांध्यांना सहसा करत नाहीत. धातूवर धातू घासतो, म्हणून अधूनमधून रक्त तपासावं लागतं. आणि सुरुवातीच्या महिन्यांत पडलो किंवा घाई केली तर टोपीच्या खालीच हाड मोडू शकतं.

मी एकच विचारलं, उकिडवं बसता येईल का.

"शब्द देत नाही," तो म्हणाला. "पण बसायचंच असेल तर याच पद्धतीत आशा जास्त आहे. मी सांगायच्या आधी बसलात तर मात्र माझ्याकडे येऊ नका."

या सगळ्या प्रकरणात ज्याच्यावर मला चिडता आलं नाही असा हा एकटाच माणूस. हाड तपासून त्याने टोपी बसेल असं सांगितलं आणि मी तिथेच हो म्हणालो.

आता कंपनीचं ऐका. आमच्या या पट्ट्यात दुरुस्ती हा शब्द हल्ली शिवीसारखा वापरतात. पूर्वी एखादा भाग झिजला तर फिटर तो उतरवायचा, भरायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. आता अख्खा भाग काढून भंगारात फेकतात आणि खोक्यातून नवा काढून लावतात. याला मेंटेनन्स म्हणतात आणि खोकं फोडणाऱ्याला इंजिनियर. त्यातूनही कधी नवा भाग आला नसेल आणि नाइलाजाने जुनाच दुरुस्त करावा लागला, तर त्या मशीनला एक पिवळा टॅग बांधतात. पिवळा टॅग म्हणजे हे काम तात्पुरतं आहे, खरा पार्ट अजून यायचाय, तोवर हिच्यावर पूर्ण लोड देऊ नका.

अशा लोकांमध्ये मी चहाच्या सुट्टीत सांगितलं की माझं हाड न कापता त्यावर टोपी घालणार आहेत. लगेच माझ्या खुब्यावर मेंटेनन्सची बैठक बसली. एकाने विचारलं, म्हणजे जुनाच पार्ट ठेवणार? दुसरा म्हणाला, हा तर जुगाड झाला राव. ज्याच्या सासऱ्याचे दोन्ही गुडघे बदललेत तो सासऱ्याच्या वतीने बोलला. मी फायदे सांगायला लागलो तर ते माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले, जसं आपण सेकंडहँड गाडीचं कौतुक करणाऱ्याकडे बघतो.

सगळ्यांत जोरात बोलला आमचा साहेब. हा चाकणजवळच्याच गावचा. आम्ही दोघं शिकाऊ म्हणून एकत्र लागलो आणि एकाच डायसमोर उकिडवे बसून काम शिकलो. हात माझ्याहून चांगला होता त्याचा, हे मला मान्य करावं लागतं. मग त्याला केबिन दिसली. आता तो डायला हात लावत नाही, लांबून पेनाने दाखवतो, आणि गावचं बोलणं गेटबाहेर ठेवून आत येतो. तो चहाचा कप हातात घेऊन आमच्यात उभा राहिला आणि मला म्हणाला, "जुनं हाड ठेवू नका. जे झिजलंय ते झिजलंय. सरळ रिप्लेस करा." त्याच्या आवाजात एवढा राग कशाचा होता ते मला कळलं नाही. केबिनमध्ये एसी बंद असेल, असं मी धरलं.

ऑपरेशन झालं. त्यातलं मला काही आठवत नाही आणि जे बायकोला आठवतं ते ती प्रत्येक पाहुण्याला सांगते, त्यामुळे मी सोडून देतो. काठी आली, काठी गेली. व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. ती मला "काका, छान" म्हणायची, आणि मी पाय इंचभर उचलला तरी तिला छान वाटायचं. मेहुणा बघायला आला तो तेलाची नवी बाटली घेऊन. बायकोने ती त्याच्या हातात परत दिली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्याबद्दल इतकं प्रेम मला क्वचितच वाटलं असेल.

बऱ्याच महिन्यांनी सर्जनने नवा एक्स-रे बघितला, पाय सगळीकडून फिरवला आणि म्हणाला, आता बसून बघा. मी घरी येऊन बसलो, त्याच्यासमोर नाही. स्वयंपाकघरात, ओट्याला एक हात लावून, हळूहळू खाली गेलो. टाचा टेकल्या. हात सोडला. बायको पोळी लाटायची थांबली. पलीकडे तव्यावरची पोळी करपत होती आणि आम्ही दोघांनीही ती करपू दिली. मी तिथे रडलो, आणि ते सांगायची मला लाज वाटत नाही. उठल्यावर मी स्वतःच्या हाताने दोन्ही मोजे घालून बघितले, नुसते, कुठे जायचं नसताना.

सर्जनकडून फिट असल्याचं लिहून घेऊन मी कंपनीत हजर झालो. पोरांनी स्वागत म्हणून माझ्या पट्ट्याला पिवळा टॅग बांधला. सगळे हसले, मीही हसलो. थट्टा चांगली होती. पण दुपारी साहेबाने बोलावलं आणि तीच गोष्ट न हसता सांगितली. एचआरच्या बाई शेजारी बसल्या होत्या. तुमचं ऑपरेशन हे तात्पुरत्या कामात मोडतं, तो म्हणाला. हाड जुनंच आहे. त्यावर आम्ही फुल लोड देऊ शकत नाही. तोवर तुम्हाला लाइट ड्यूटी. मी विचारलं, तोवर म्हणजे कधीपर्यंत.

"पर्मनंट काम करून या," तो म्हणाला. "पूर्ण रिप्लेस करा, मग डायवर घेतो."

ज्या हाडासाठी मी ही पद्धत निवडली, ते हाड अजून माझ्या अंगात आहे हाच माझा गुन्हा. म्हणजे चांगला चाललेला खुबा मी पुन्हा उघडायचा, गोळा कापून घ्यायचा, आणि मग कंपनी मला नवा पार्ट म्हणून मान्य करणार. एचआरच्या बाई मान डोलवत होत्या. साहेब बोलायला लागला की त्यांची मान आपोआप डोलते.

लाइट ड्यूटी म्हणजे स्टोअरच्या खिडकीत खुर्चीवर बसून हातमोजे आणि चष्मे वाटायचे. जुने फाटके मोजे घ्यायचे, नवे द्यायचे. ज्याला आयुष्यात दुसरं काही जमलं नाही अशा माणसासाठी हे काम ठीक आहे, पण त्यालाही चार दिवसांत कंटाळा येईल. खिडकीतून मला डायचा कोपरा दिसायचा. तिथे आता दोन इंजिनियर स्टुलावर बसून मोबाइलच्या टॉर्चने डायमध्ये बघायचे, एकमेकांना काहीतरी सांगायचे आणि मग डाय ट्रकवर चढवून बाहेर दुरुस्तीला पाठवायचे. माझ्याकडे यायचे ते हातमोजे मागायला. मी मोजे दिले. तोंडातून शब्द काढला नाही, कारण काढला असता तर तो छापण्यासारखा नसता.

मी हट्टाला पेटलो. रोज एचआरच्या दारात उभा राहून म्हणायचो, डॉक्टरसमोर माझी परीक्षा घ्या. अखेर माझं तोंड चुकवायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी एक दिवस बैठक लावली. कंपनीचा डॉक्टर आला. हा अधूनमधून येतो आणि डोकं दुखो की पोट, एकाच पाकिटातल्या गोळ्या देतो. एचआरच्या बाई होत्या. साहेब टेबलाच्या टोकाला.

बोलणं सुरू व्हायच्या आत मी खुर्ची मागे सारली आणि फरशीवर उकिडवा बसलो. टाचा टेकलेल्या, हात मोकळे. तिथूनच म्हणालो, आता विचारा काय विचारायचं ते. एचआरच्या बाई टेबलावरून वाकून माझ्या टाळूशी बोलायला लागल्या. डॉक्टर टेबलाला वळसा घालून आला, माझ्याभोवती फिरला, दुखतंय का म्हणून विचारलं. मग म्हणाला, उठा. मी कशालाही हात न लावता उठलो. पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. डॉक्टर म्हणाला, मला तरी ठीक दिसतंय. त्याच्या तोंडून इतकं सरळ वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

एचआरच्या बाईंनी साहेबाकडे बघितलं. साहेब म्हणाला, आज बसला. उद्या शिफ्टमध्ये मोडलं तर जबाबदार कोण?

माझं डोकं फिरलं. "साहेब," मी म्हणालो, "खुर्चीत बसून दुसऱ्याचे खुबे नापास करू नका. आपण एकाच डायसमोर बसून काम शिकलोय. आज माझ्या शेजारी बसून दाखवा. तुम्ही बसलात तर मी रिटायर होईपर्यंत हातमोजे वाटेन."

तो हसला. तो हसला म्हणून बाई हसल्या. पण डॉक्टर हसला नाही, आणि मी तर साहेबाच्या तोंडाकडेच बघत राहिलो. मग तो उठला. त्याने टेबलाची कड धरली आणि खाली जायला लागला. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती. ते पोट, तो इस्त्रीचा शर्ट, ते चकचकीत बूट, सगळं मिळून खाली येताना बघायची माझी कित्येक महिन्यांची इच्छा होती. अर्ध्यावर तो थांबला. मला वाटलं, पोट आडवं आलं. तेवढ्यात त्याचा डावा पाय बाजूला गेला आणि तो धप्पकन फरशीवर बसला.

बाई धावल्या. त्याने हात वर करून त्यांना थांबवलं आणि इंग्रजीत सांगितलं, काही नाही, तुम्ही चहा घेऊन या. डॉक्टर त्याच्याजवळ वाकला, तर त्यालाही त्याने हातानेच बाहेर जायला सांगितलं. दोघं गेले. दार लागलं. साहेबाचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि एक हात डाव्या जांघेत घट्ट रुतला होता. कळ कुठे आहे हे मला कुणी सांगायला नको होतं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं. साहेब म्हणायचं विसरलो.

"लई," तो म्हणाला. "गोळ्या खाऊन येतो. घरी बी सांगितलं न्हाई."

मी म्हणालो, अरे मग दाखवायचं ना, माझ्याच सर्जनकडे जायचं. त्याने मान हलवली. त्याच्याकडेच गेलो होतो, म्हणाला. माझ्याही आधी गेला होता. हाड ठेवा, टोपी घाला, असं त्याने स्वतःच्या तोंडाने मागितलं होतं.

"गोळा चेचलाय म्हनला. टोपी कशावर घालू, खाली कायच उरलं न्हाई. उशीर केला तुमी." तो फरशीकडे बघत बोलत होता. "तुझं हाड ऱ्हायलं, भावा. तुला डायवर बसलेला बघनं माझ्यानं व्हईना."

ज्याला मी इतके महिने मूर्ख समजत आलो तो मूर्ख नव्हता, हे मला अजिबात आवडलं नाही. मूर्खाला शिव्या देऊन मी मोकळा होत होतो. याला काय देणार? मी त्याच्याजवळ खाली बसलो आणि म्हणालो, मग बदलून घे. लोक घेतात, चांगले चालतात, कळ जाते, रात्रीची झोप लागते. जे वाक्य ऐकून मी वर्षभर लोकांवर खेकसलो होतो तेच मी त्याला मनापासून सांगत होतो. लपवत बसलास तर आहे तेही हातचं जाईल, म्हणालो.

"आन बसायचं?" त्याने विचारलं.

उत्तर त्याला माहीत होतं.

त्याने हात पुढे केला. मी मागे जाऊन त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला उचललं. त्याचं सगळं वजन माझ्या उजव्या पायावर आलं. खुब्यातून कळ आली नाही, आवाज आला नाही. उभा राहिल्यावर त्याने माझ्या खांद्याला धरून श्वास घेतला, शर्ट खोचला, कपाळ पुसलं.

"उद्यापासून डायवर जा," तो म्हणाला आणि दार उघडलं.

बाहेर एचआरच्या बाई ट्रे घेऊन उभ्या होत्या. काय झालं, म्हणून त्यांनी विचारलं. साहेब म्हणाला, पाय घसरला. त्यांनी खरं काय ते बघायला माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हणालो. "घसरले साहेब."